निरंक आणि कोरें

तालुक्याच्या कचेरींत पर्जन्यमापकाची एक नोंदवही असते. रोज सकाळीं ठराविक वेळीं पात्रांत सांचलेलें पाणी मोजावयाचें आणि त्या तारखेपुढें आंकडा मांडावयाचा, एवढेंच तिचें प्रयोजन. अशा एखाद्या वहींत एका तारखेपुढें शून्य लिहिलेलें आढळतें आणि दुसऱ्या तारखेपुढें कांहींच लिहिलेलें आढळत नाहीं. शून्याचा अर्थ स्पष्ट आहे : पात्र पाहिलें, तें कोरडें होतें. कोऱ्या जागेचा अर्थ मात्र वहीवरून कळत नाहीं. कारकून रजेवर असेल, पात्र फुटलें असेल, किंवा पाऊस इतका झाला असेल कीं पात्रापर्यंत कोणी पोहोंचूंच शकला नसेल. महिन्याची बेरीज करणारा मनुष्य या कोऱ्या जागेला शून्य समजला, तर ज्या दिवशीं नदीला पूर आला तोच दिवस कागदोपत्रीं कोरडा ठरावयाचा.

कचेऱ्यांच्या मराठींत या भेदासाठीं एक नेमका शब्द आहे : निरंक. निरंक अहवाल हा अहवालच असतो. त्यावर सही असते, तारीख असते आणि 'कळविण्यासारखें कांहीं नाहीं' असें सांगण्याची जबाबदारी कोणीतरी पत्करलेली असते. अहवाल मुळींच न येणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिल्या प्रकारांत अभावाचें ज्ञान आहे. दुसऱ्या प्रकारांत ज्ञानाचाच अभाव आहे.

संगणकाच्या भाषा ज्यांनीं रचल्या त्यांना हा भेद फार महागांत शिकावा लागला. मनुष्याला कोरी जागा दिसली तर तो क्षणभर थबकतो, शेजाऱ्याला विचारतो. यंत्र थबकत नाहीं. त्याच्या स्मृतींत कोरी जागा अशी नसतेच. प्रत्येक घरांत कांहीं तरी विद्युत्-चिन्ह असावयाचेंच. म्हणून 'येथें कांहीं नाहीं' हें सांगण्यासाठींहि एखादें चिन्ह ठरवावें लागतें, आणि तें चिन्ह पुढें कोणी तरी खरें मूल्य म्हणून वाचण्याचा संभव कायम राहतो. या एका अडचणीचा इतिहास म्हणजे संगणकी भाषांच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण होय.

अडचण नवी, पण प्रश्न पुरातन आहे. वैशेषिक दर्शनाच्या परंपरेंत अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला गेला आणि त्याचे चार प्रकार सांगितले गेले. घट अजून घडलाच नाहीं तो प्रागभाव. घडून फुटला तो प्रध्वंसाभाव. घट म्हणजे पट नव्हे हा अन्योन्याभाव. आणि वायूला रूप नाहीं तसा जो त्रिकाळीं नाहींच तो अत्यंताभाव. गणितांतहि हाच प्रश्न उभा राहिला. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिले. परंतु शून्याला शून्यानें भागिलें असतां शून्यच येतें असें त्यानें मानलें, आणि हा नियम पुढें टिकला नाहीं. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं एखाद्या संख्येस शून्यानें भागून येणाऱ्या राशीला 'खहर' असें वेगळें नांव देऊन ती अनंत आहे असें म्हटलें. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांच्या वंशजांचा शिलालेख आजहि त्या कुळाची साक्ष देतो. १९८५ सालीं संगणकांतील अपूर्णांकांसाठीं जें प्रमाण ठरलें त्यांतहि संख्या भागिले शून्य याचें उत्तर अनंत असेंच आहे. शून्य भागिले शून्य याला मात्र 'संख्या नव्हे' अशा अर्थाचें एक विशेष चिन्ह नेमलेलें आहे. या चिन्हाचा एक विचित्र धर्म असा कीं, तें स्वतःशींहि समान मानलें जात नाहीं.

संगणकी भाषांतील अभावाची कथा दोन उगमांपासून वाहत येते. एक उगम अक्षरांचा, दुसरा मूल्यांचा. त्यांपैकीं अक्षरांचा उगम तारयंत्राच्या कागदी फितींत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एमिल बोदो या फ्रेंच तारमास्तरानें प्रत्येक अक्षरासाठीं पांच खुणांचा संकेत योजिला. पुढें हे संकेत कागदी फितीवर भोंकांच्या रूपानें उमटूं लागले. १९६३ सालीं अमेरिकेंत 'अॅस्की' नांवाचा सात खुणांचा संकेत प्रमाण म्हणून मान्य झाला, त्यांत दोन टोंकांचीं दोन चिन्हें मोठ्या युक्तीनें ठेविलीं होतीं. पहिलें चिन्ह, क्रमांक शून्य, म्हणजे एकहि भोंक नाहीं; याचें नांव 'नल'. शेवटचें चिन्ह, क्रमांक १२७, म्हणजे सातहि भोंकें; याचा अर्थ 'खोडलेलें'. कागदाला पडलेलें भोंक बुजवितां येत नाहीं. परंतु चुकलेल्या अक्षरावर उरलेलीं सर्व भोंकें पाडून तें रद्द करतां येतें. उलट, फितीच्या आरंभीं जो कोरा भाग सोडीत, किंवा टंकयंत्राचा गाडा डावीकडे परत येईपर्यंत वेळ काढण्यासाठीं जें भरताड पाठवीत, तें नल. वाचणाऱ्या यंत्रानें त्याकडे दुर्लक्ष करावें हाच त्याचा अर्थ. अजून कांहीं लिहिलेलें नाहीं तें नल, आणि लिहून पुसलें तें खोडलेलें : प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव असे दोघेहि एकाच कागदी फितीवर नांदत होते.

या निरुपद्रवी चिन्हाला सत्ता मिळाली ती न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत. १९६९ ते १९७३ या काळांत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स ही संगणक-व्यवस्था आणि सी ही भाषा घडविली. शब्द किंवा वाक्य स्मृतींत सांठवावयाचें तर तें कोठें संपतें हें यंत्राला कळलें पाहिजे. याच्या दोन रीति आहेत. एक, आरंभींच अक्षरांची संख्या लिहून ठेवावी. दुसरी, शेवटीं एखादी खूण करावी. सी भाषेची आजी जी बीसीपीएल, तींत पहिली रीति होती; परंतु संख्येसाठीं एकच लहान घर राखल्यामुळें वाक्याच्या लांबीला मर्यादा पडे. रिची यांनीं १९९३ सालीं या भाषेचा इतिहास लिहितांना नमूद केलें आहे कीं, ही मर्यादा टाळण्यासाठीं, आणि संख्या सांभाळीत बसण्यापेक्षां शेवटची खूण सोयीची वाटली म्हणूनहि, त्यांनीं दुसरी रीति पत्करली. ती खूण म्हणजे नल. ज्या चिन्हाकडे दुर्लक्ष करावयाचें तेंच चिन्ह आतां 'येथें थांबा' असा हुकूम देऊं लागलें.

मूल्यांचा उगम याहून थोडा आधींचा आहे. जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ च्या सुमारास लिस्प या भाषेची मांडणी केली, तींत 'निल' हें एकच चिन्ह रिकामी यादी आणि 'असत्य' अशा दोन्ही अर्थीं वापरलें जाऊं लागलें. १९६५ सालीं टोनी होअर हे इंग्रज शास्त्रज्ञ अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठीं नोंदी आणि त्यांचे निर्देश यांची योजना करीत होते. निर्देश म्हणजे 'अमुक नोंद अमुक ठिकाणीं आहे' असें सांगणारें बोट. प्रत्येक निर्देश सुरक्षित आहे याची भाषेनेंच आपोआप खात्री करून घ्यावी हा त्यांचा मूळ संकल्प होता. परंतु कोठेंच न दाखविणारें बोट, म्हणजे नल निर्देश, अंमलांत आणणें इतकें सोपें होतें कीं तो मोह त्यांना आवरला नाहीं. पुढें बहुतेक भाषांनीं तें अनुकरण केलें. २००९ सालीं लंडन येथील परिषदेंत होअर यांनीं आपल्या या कृतीला शंभर कोटि डॉलरांची चूक असें नांव दिलें; कारण मधल्या चाळीस वर्षांत नसलेल्या नोंदीकडे बोट दाखवून किती आज्ञावली कोसळल्या याची गणतीच नव्हती. आपल्याच कीर्तीच्या काळांत आपली चूक जाहीर सभेंत सांगणें हें शास्त्रज्ञाला शोभणारें धैर्य होय.

तिकडे कॅलिफोर्नियांत आय्‌बीएम कंपनीचे एडगर कॉड यांनीं १९७० सालीं माहितीचे तक्ते मांडण्याची नवी पद्धति प्रसिद्ध केली, आणि १९७९ च्या निबंधांत अज्ञात माहितीसाठीं सत्य, असत्य आणि 'अज्ञात' अशा तीन पदरी तर्काचा पुरस्कार केला. तक्त्यांतील निरंक घर दुसऱ्या निरंक घराशीं समान आहे काय, असें विचारलें तर उत्तर 'होय' नाहीं आणि 'नाहीं' हेंहि नाहीं, उत्तर 'अज्ञात'. तात्त्विक दृष्ट्या हें निर्दोष आहे. व्यवहारांत त्याचा परिणाम काय होतो तो पाहण्यासारखा आहे. समजा, एका शहरांतील शिधापत्रिकांचा तक्ता आहे आणि कांहीं कुटुंबांच्या मूळ गांवाचें घर निरंक राहिलें आहे. अधिकाऱ्यानें 'ज्यांचें गांव पुणें आहे' अशांची एक यादी मागविली आणि 'ज्यांचें गांव पुणें नाहीं' अशांची दुसरी मागविली. दोन्ही मिळून सर्व कुटुंबें आलीं असें तो समजेल. प्रत्यक्षांत निरंक घराचीं कुटुंबें दोहोंपैकीं एकाहि यादींत येत नाहींत. तीं तक्त्यांत आहेत, पण मोजणींत नाहींत. आणि धान्य मिळतें तें मोजणीप्रमाणें. कॉड यांनींहि पुढें हें ओळखलें कीं 'माहिती आहे पण ठाऊक नाहीं' आणि 'ही माहिती येथें लागूच नाहीं' हे दोन अभाव निराळे आहेत, आणि १९९० च्या ग्रंथांत त्यांसाठीं दोन निराळ्या खुणा सुचविल्या. त्यांचे सहकारी ख्रिस डेट यांनीं तर निरंक घरें मुळांतच नकोत असा आग्रह धरला. हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं.

हे दोन्ही प्रवाह ज्या ठिकाणीं एकत्र झाले तें ठिकाण म्हणजे स्क्रिप्टिंग भाषा. मोठमोठ्या आज्ञावली एकमेकींस जोडण्यासाठीं, फाइली हलविण्यासाठीं, जालावरील पानें सजविण्यासाठीं ज्या हलक्याफुलक्या भाषा निर्माण झाल्या त्यांना हें नांव आहे. लिहिणाऱ्याला तपशिलाचा त्रास होऊं नये हें त्यांचें ब्रीद. म्हणून चलाला आधीं मूल्य दिलें नसेल तरीहि त्या रागावत नाहींत. कांहीं तरी समजून पुढें जातात. १९७७ च्या ऑक भाषेंत मूल्य न दिलेलें चल एकाच वेळीं शून्यहि असतें आणि रिकामी अक्षरमालिकाहि असते. युनिक्सच्या शेल भाषेंत नांव न ठेवलेलें चल रिकाम्या शब्दासारखें वागतें. मूल्य दिलेलेंच नाहीं आणि मूल्य रिकामें आहे यांतील भेद करावयाचा तर पर्यायी मूल्य सांगतांना विसर्गासारखीं दोन टिंबें लिहावयाचीं कीं नाहीं, एवढ्याच खुणेवर तो अवलंबून असतो.

या उदारपणाची किंमत केव्हां तरी द्यावी लागते. २०१५ च्या जानेवारींत लिनक्स संगणकांवरील स्टीम या खेळांच्या आज्ञावलींतील एका शेल-लेखाचा दोष उघडकीस आला. 'अमुक कप्प्यांतील सर्व कांहीं पुसून टाक' अशी त्यांत आज्ञा होती. विशिष्ट परिस्थितींत कप्प्याचें नांवच रिकामें राही, आणि उरलेल्या आज्ञेचा अर्थ 'मुळापासून सर्व कांहीं पुसून टाक' असा होई. ज्याच्या यंत्रावर हें घडलें त्याच्या मालकीच्या फाइली, जोडलेल्या बाहेरच्या तबकडीवरील प्रतींसह, नाहींशा झाल्या. शेल भाषेनें आज्ञा तंतोतंत पाळली होती. मूल्य नाहीं, असें तिला कोठें तरी म्हणतां आलें असतें तर तें अनर्थाचें एक वाक्य टळलें असतें. तसें म्हणण्याची सोय त्या भाषेंत आहे. परंतु ती मागून घ्यावी लागते.

१९८७ सालीं लॅरी वॉल यांनीं पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. तींत अनिर्दिष्ट असें स्वतंत्र मूल्य आहे. बेरजेंत तें शून्य होतें, लेखांत रिकामा शब्द होतें. मात्र सूचना मागितल्या असतील तर पर्ल इशारा देते. शिवाय कोशासारख्या सूचींत 'ही नोंद अस्तित्वांत आहे काय' आणि 'तिला मूल्य आहे काय' असे दोन निराळे प्रश्न तींत विचारतां येतात. कचेरीच्या भाषेंत बोलावयाचें तर अहवाल आला कीं नाहीं, आणि आलेला अहवाल निरंक आहे कीं नाहीं, हे ते दोन प्रश्न.

पर्लमध्यें अक्षरमालिकेची लांबी वेगळी नोंदलेली असते. त्यामुळें मध्येंच नल आला तरी तिच्या दृष्टीनें तें इतरांसारखें एक अक्षर. परंतु फाइल उघडावयाची वेळ आली कीं पर्लला सी भाषेंत घडलेल्या यंत्र-व्यवस्थेच्या दारांत जावें लागतें, आणि तेथें नल म्हणजे पूर्णविराम. एकच मजकूर दोघे दोन प्रकारें वाचतात. १९९९ च्या सप्टेंबरांत 'फ्रॅक' या नियतकालिकाच्या ५५ व्या अंकांत 'रेन फॉरेस्ट पपी' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एकानें यांतील धोका उघड केला. समजा, जालावरील एखादा पर्ल-लेख वाचकानें दिलेल्या नांवापुढें स्वतःचा 'एचटीएमएल' हा प्रत्यय जोडून तेवढीच फाइल दाखवितो. पहारेकऱ्याची समजूत अशी कीं, त्या प्रत्ययाशिवाय दुसरें कांहीं उघडणारच नाहीं. एखाद्या लबाडानें गुप्त फाइलीचें नांव देऊन त्यापुढें एक नल ठेविला. पर्लला संपूर्ण नांव प्रत्ययासह दिसलें आणि तिनें तें मंजूर केलें. यंत्र-व्यवस्थेनें नलापर्यंतच वाचलें आणि गुप्त फाइल उघडून दिली. या युक्तीला 'विषारी नल' असें नांव पडलें. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पीएचपी या भाषेंत हा दोष पुष्कळ वर्षें राहिला. २०१० च्या डिसेंबरांत निघालेल्या ५.३.४ या आवृत्तींत फाइलीच्या नांवांतील नल नाकारण्याची व्यवस्था झाली.

हाच प्रकार अधिक गंभीर ठिकाणींहि आढळला. पेढीच्या संकेतस्थळाशीं आपण बोलत आहोंत कीं तिच्या तोतयाशीं, हें ओळखण्यासाठीं जीं प्रमाणपत्रें वापरतात त्यांत नांवाची लांबी आधीं लिहिलेली असते. म्हणजे तेथें पहिली रीति. तीं वाचणाऱ्या पुष्कळ आज्ञावली सी भाषेच्या, म्हणजे तेथें दुसरी. २००९ च्या उन्हाळ्यांत लास व्हेगास येथील परिषदेंत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कॅमिन्स्की यांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें दाखवून दिलें कीं, पेढीचें नांव, मग नल, मग स्वतःच्या मालकीचें नांव अशा मजकुराचें प्रमाणपत्र मिळविलें तर देणारा शेवटचें नांव पाहून तें देतो आणि ग्राहकाचा ब्राउझर पहिलें नांव पाहून त्यावर विश्वास ठेवतो. कागदी फितीवरच्या भरताडानें पेढीच्या तिजोरीपर्यंत मजल मारली होती.

मूल्यांच्या अभावाचा सर्वांत गमतीचा नमुना मात्र जावास्क्रिप्टमध्यें सांपडतो. १९९५ च्या मे महिन्यांत नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला नमुना तयार केला. तींत अभाव दोन आहेत. 'अनडिफाइन्ड' म्हणजे मूल्य कोणी दिलेलेंच नाहीं. 'नल' म्हणजे येथें वस्तु नाहीं असें लिहिणाऱ्यानें बुद्ध्या सांगितलें आहे. कल्पना सुंदर आहे. निरंक आणि कोरें यांसाठीं दोन शब्द असावेत हेंच योग्य. पण घाईचे ठसे उमटल्यावांचून राहिले नाहींत. नलाला 'तुझी जात कोणती' असें विचारलें तर तो 'वस्तु' असें उत्तर देतो. त्याचें कारण असें कीं, पहिल्या घडणींत प्रत्येक मूल्याबरोबर जातीची खूण ठेवीत. वस्तूची खूण शून्य होती, आणि नल म्हणजे सगळींच शून्यें. पुढें ही चूक दुरुस्त करण्याची सूचना आली. परंतु जगांतील असंख्य पानें त्या चुकीवर विसंबून लिहिलेलीं असल्यामुळें ती फेटाळावी लागली. नलांत एक मिळविला तर एक येतो. अनडिफाइन्डमध्यें एक मिळविला तर 'संख्या नव्हे' असें उत्तर येतें. नल शून्याहून मोठा नाहीं, शून्याइतकाहि नाहीं; मात्र 'शून्याइतका किंवा शून्याहून मोठा आहे काय' असें विचारल्यास 'होय' असें उत्तर मिळतें! आणि ही माहिती एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पाठविण्यासाठीं जो जेसन हा लेखनप्रकार रूढ आहे त्यांत नल आहे, पण अनडिफाइन्ड नाहीं. त्यामुळें कोऱ्या घराचें नांवच प्रवासांत गळून पडतें, किंवा तें घर ओळींतील असेल तर निरंक होऊन पोहोंचतें.

इतर भाषांनीं निराळे मार्ग धरले. अॅम्स्टरडॅम येथें गीडो व्हान रॉसम यांनीं घडविलेली पायथॉन ही भाषा १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत 'नन' ही निरंकाची एकच वस्तु आहे. परंतु ज्याला मूल्य दिलेलें नाहीं असें नांव उच्चारलें तर पायथॉन काम थांबवून चूक दाखविते, आणि ननमध्यें एक मिळवूं गेल्यास तेंहि नाकारते. फाइलीच्या नांवांत नल आढळला तरीहि ती असाच स्पष्ट नकार देते. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील विद्यापीठांत १९९३ सालीं जन्मलेल्या लुआ भाषेंत याच्या उलट तत्त्व आहे. तेथें तक्त्यांतील घराला 'निल' देणें म्हणजे तें घर काढून टाकणें. न ठेवलेल्या नांवाचेंहि मूल्य निलच. निरंक आणि कोरें यांत लुआ भेदच करीत नाहीं. पायथॉन कडक हेडमास्तरासारखी आहे, लुआ मितभाषी आहे. दोघींचीहि रीति सुसंगत आहे. म्हणून दोघींशीं व्यवहार करणाऱ्यास काय होणार हें आधीं ठाऊक असतें. नुकसान होतें तें बहुधा दोन रीतींच्या सीमेवर, जेथें एकीचें निरंक दुसरीला कोरें वाटतें.

अलीकडील भाषांचा कल होअर यांच्या मूळ संकल्पाकडे वळलेला दिसतो. मूल्य असेल किंवा नसेल, अशी शक्यता जेथें असेल तेथें ती आधींच घोषित करावयाची, आणि दोन्ही प्रसंगांची तजवीज केल्याशिवाय आज्ञावली स्वीकारावयाची नाहीं, हा रस्टसारख्या भाषांचा नियम आहे. जावास्क्रिप्टमध्येंहि २०२० च्या प्रमाणांत दोन नवीं चिन्हें आलीं. त्यांपैकीं एकाचें काम असें कीं, मूल्य नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच पर्याय घ्यावा. तें शून्य किंवा रिकामा शब्द असेल तर तेंच खरें मूल्य समजावें. शून्य हेंहि एक उत्तर आहे, हें त्या भाषेंत नीट लिहिण्याची सोय व्हावयास पंचवीस वर्षें लागलीं.

प्रश्न सुटला असें मात्र म्हणतां येत नाहीं. २०२५ च्या जून महिन्याच्या १२ तारखेस गूगल कंपनीच्या जगभरच्या संगणक-सेवा कांहीं तास विस्कळित झाल्या आणि त्यांवर अवलंबून असलेल्या इतर अनेक कंपन्यांच्या सेवाहि बंद पडल्या. कंपनीनें नंतर जें कारण प्रसिद्ध केलें तें असें : परवानगी तपासणाऱ्या व्यवस्थेच्या तक्त्यांत कोरीं घरें असलेला एक मजकूर घातला गेला, तो कांहीं सेकंदांत जगभर पसरला, आणि तें कोरें घर वाचतांना नल निर्देशानें ती व्यवस्था ठिकठिकाणीं कोसळली. घर कोरें असूं शकेल याची तजवीज त्या भागांत केलेली नव्हती. होअर यांच्या मोहाला त्या वर्षीं साठ वर्षें पूर्ण होत होतीं.

या इतिहासाचा निष्कर्ष केवळ यंत्रविद्येपुरता नाहीं. रुग्णालयाच्या कागदावर 'कोणत्या औषधाची बाधा होते' या प्रश्नापुढें कोरी जागा असेल, तर तिचा अर्थ 'कशाचीच नाहीं' असा घेणें जिवावर बेतूं शकतें; कदाचित् तो प्रश्न रुग्णाला कोणी विचारलाच नसेल. जनगणनेच्या पत्रकांतील, शाळेच्या पटावरील, जमिनीच्या उताऱ्यावरील कोऱ्या जागांचेंहि तसेंच. या सर्व वह्या आतां यंत्रांत गेल्या आहेत, आणि यंत्र निरंक व कोरें यांतील भेद राखील कीं नाहीं हें ज्यानें भाषा रचली, ज्यानें तक्ता आंखला आणि ज्यानें पहिली नोंद केली त्या तिघांवर अवलंबून आहे. त्यांतल्या त्यांत शेवटच्या मनुष्याचें काम सर्वांत साधें आणि सर्वांत मोलाचें. पात्र कोरडें असेल तर त्यानें शून्य लिहावें. पात्रापर्यंत जातां आलें नसेल तर तसें लिहावें. ती जागा त्यानें कोरी सोडली, तर पुढची कोणतीहि भाषा, कितीहि चतुर असली तरी, त्या दिवशीं पाऊस पडला होता कीं नाहीं हें सांगूं शकणार नाहीं.